राखेच्या पाण्यात धुतलेले पॅड

आमच्या ह्यांना स्वतःची बनियन कुठं वाळत घातलीय हे कधी माहीत नसायचं, पण गाडी पॉलिश करायच्या पॅडची काळजी म्हणाल तर तान्ह्या लेकराची कुणी घेणार नाही एवढी. मशीनला लावायचे लोकरीचे दोन, स्पंजाचे चार. घासायचा वेगळा, चमक आणायचा वेगळा. काम झालं की वाळलेलं पॉलिश मऊ ब्रशनं झाडायचं, साबणाच्या कोमट पाण्यात तळहातानं दाबत धुवायचं, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं आणि डब्यात झाकून ठेवायचं. मातीचा कण जरी राहिला तरी गाडीच्या रंगाचं वाटोळं होतं म्हणे. हे सगळं मला शिकवलं आणि त्या दिवसापासून ते मोकळे झाले. नियम त्यांचे, धुणारी मी.

केजला सोसायटीच्या गाळ्यात आमचं गाड्या पॉलिश करायचं दुकान होतं. गाळा सोसायटीचा, सोसायटी चेअरमनची, आणि चेअरमन कुणाच्याच बापाचा नव्हता. त्या साली पावसानं तोंड दाखवलं नाही. सोसायटीचा टँकर आठ दिवसांनी यायचा, तोही निम्मा रस्त्यात सांडून. ह्यांनी बाजेवर बसून आंघोळ करायची, मी बाजेखाली घमेलं धरायचं, त्या पाण्यात कपडे धुवायचे. भांडी घासलेलं पाणी वेगळ्या बादलीत, ते संडासला. पॅडला मात्र पिण्याच्या पाण्याच्या टिपातलं, म्हणजे पत्र्याच्या पिंपातलं, अर्धी बादली चांगलं पाणी लागायचं. घरात राजे ते दोघंच, हे आणि त्यांचे पॅड.

अशात चेअरमननं नवी काळी गाडी घेतली. बायका टँकरमागं पळतायत आणि ह्याला काळी गाडी सुचली! आमच्या गाळ्याचा करार संपला होता आणि तो पुढं चालू ठेवायचा का, हे सोसायटीच्या सभेत ठरणार होतं. ड्रायव्हर गाडी घेऊन आला आणि निरोप देऊन गेला, "सभेच्या आदी आरशावानी करा. साहेब म्हनले, मग तुमच्या गाळ्याचं बगू." ह्यांचा चेहरा उतरला. गाळा गेला तर मशीन काय बाजेखाली ठेवायचं?

त्या दिवशी टँकर आला नव्हता. टिपाचा तळ दिसत होता. हे म्हणाले, "पॅड चांगल्या पाण्यानं धू गं, साहेबांची गाडी हाय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घोटभर पाण्यासाठी मी जीव टाकतेय, आणि त्याच्या गाडीचे लाड कावून? भांड्यांची बादली तशीच होती. पाणी निवळू दिलं, वरचं वरचं घेतलं आणि त्यातच सहाही पॅड धुतले. भांडी आम्ही राखेनं घासायचो, चुलीतली राख, त्यात बारीक रेती असायचीच. माझ्या डोक्यात ते आलंच नाही. पाणी दिसायला स्वच्छ होतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी गाडीला दिवसभर मशीन मारलं. सावलीत गाडी झकास दिसत होती. उन्हात काढली आणि बाई गं! बॉनेटवर, टपावर, दारांवर बारीक बारीक गोल ओरखडे, कोळ्यानं जाळं विणावं तसे. हे कितीतरी वेळ स्वतःचा उजवा हात बघत उभे राहिले. "माजा हात गेला," म्हणाले. मी डब्यातला पॅड काढून गालाला लावला. कचकच लागली. सगळं कळलं आणि मी पॅड परत डब्यात ठेवला.

त्यांनी वॅक्सचा जाड थर देऊन ओरखडे बुजवले आणि गाडी पाठवून दिली. मग दोन दिवस मशीनला शिवले नाहीत. एक जीपवाला आला, त्याला "दुसरीकडं जा" म्हणाले. जेवताना घास हातात धरून बसायचे.

सभेच्या दिवशी आम्ही गल्लीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन सोसायटीपुढं गेलो. शेजारची आक्का सगळ्यात पुढं. दमली बिचारी, म्हणून तिनं हंडा त्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर टेकवला. ड्रायव्हर धावत आला, तिला हटकलं, फडक्यानं खसाखसा पुसायला लागला, आणि वॅक्स निघून खालचे ओरखडे भर उन्हात उघडे पडले. चेअरमन बाहेर आला, बघितलं आणि भडकला. "पोलिसाला बोलवा! ह्या बाईवर केस करा!"

आक्कानं हंडा छातीशी धरला. "म्या नुसता ठिवला हो सायेब," एवढंच म्हणत होती. माझ्याच्यानं ऐकवेना.

"साहेब, हंडा टपावर चढला का?" मी म्हणाले. "दाराला चिकटून हुबा राह्यला का? सगळ्या गाडीला ओरखडे हायेत, वॅक्स पुसून बगा की! आमच्या पॅडचे हायेत ते. म्या राखेच्या पाण्यात धुतले."

"चांगल्या पाण्यात धुवायला काय झालं होतं?" चेअरमन खेकसला.

"चांगलं पाणी कुठंय, ते तुमीच दाखवा!"

बायकांनी हंडे वाजवायला सुरुवात केली. सभेतली माणसंही हसली. चेअरमन लालबुंद झाला. "आजच्या आज गाळा खाली करा," म्हणाला आणि गाडीत बसला. केसचं नाव पुन्हा निघालं नाही.

संध्याकाळपर्यंत आम्ही सामान घरी आणलं. ह्यांनी मशीन बाजेखाली सरकवलं. मीच म्हणाले, "आवो, शिव्या तरी द्या."

"गाळ्याचं मरू दे," ते म्हणाले. "आक्कासाठी बोललीस, लई बरं केलंस. पर दोन दिस मी हाताकडं बगत बसलतो. वाटलं, आता ह्या हातानं काय करून खायाचं? तुला ठावं हुतं ना? मग मला कावून न्हाई सांगितलंस?"

चेअरमनला मी भ्याले नव्हते. ह्यांच्या चिडण्याला भ्याले होते, आणि ते तर चिडलेच नाहीत. मला रडू फुटलं. परात पुढं ओढली आणि भाकरी थापायला बसले. त्यांनी ते मला पुन्हा कधी विचारलं नाही.