एका नाकावर अख्खा हॉल

शिवणकामाच्या कारखान्यात काजं-बटणं करणाऱ्या मावशीला सगळे शिंकमावशी म्हणत. कापडाचा बारीक कचरा उडाला की ती अशी शिंकायची, की शेजारणीची शिलाई वाकडी जायची.

तापाची साथ आली तेव्हा वरच्या शहाण्यांनी नियम काढला, की शिंकेल-खोकेल त्याचीच तपासणी. म्हणजे भुंकणाऱ्या कुत्र्याला बांधा आणि चोराला मागचं दार उघडं ठेवा. मावशीच्या नाकात सारखी काडी जायची, रिपोर्ट दरवेळी निगेटिव्ह. आणि ज्यांना साधा खोकला नाही असे ठणठणीत लोक हॉलभर साथ वाटत फिरायचे.

मी संघटनेतर्फे भांडले आणि सरसकट सगळ्यांची तपासणी करून घ्यायला लावली. पण पॉझिटिव्ह निघाला तर बिनपगारी घरी, हे मालकाने तसंच ठेवलं. तिथेच माशी शिंकली.

पडद्याआड जाऊन आपली काडी आपणच नाकात फिरवायची होती. मावशी अनुभवी, म्हणून नर्सने तिलाच शिकवायला आत उभं केलं. पहिला इस्त्रीवाला गेला.

"मावशी, तुझं नाक खात्रीचं. माझी काडीही तुझ्यातच फिरव."

"माझं नाक काय सार्वजनिक नळ आहे का रे मेल्या?"

"तुझ्यासारखा हात नाही कुणाचा. माझी मेंदूला लागेल."

"तुझा मेंदू सापडेपर्यंत काडी पुरायची नाही."

पण पोटावर पाय येईल म्हणाला, तशी ती विरघळली. एकाचं केलं मग दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? अख्खा हॉल निगेटिव्ह आला. सुपरवायझरने खूश होऊन मधल्या सुट्टीत पुन्हा एकत्र जेवायची परवानगी दिली. सगळे मांडीला मांडी लावून जेवले. मावशीही.

तेवढ्यात तिची मुलगी बाळंत झाली. पहिलीच नात. जावयाचा फोन आला, "आई, तुमचा हॉल स्वच्छ निघाला म्हणे. उद्याच या, बाळाला मांडीवर घ्या."

मावशी तडक माझ्याकडे आली. "ताई, तू भांडून आणलेली तपासणी मी माझ्या एकटीच्याच नाकात घातली. आता बाळाजवळ जाऊ कशी?"

मी तिच्यावर ओरडले. मग मालकाच्या केबिनमध्ये जाऊन त्याहून जास्त ओरडले. घरी बसणाऱ्याचा पगार चालू राहील असं त्याच्याकडून लिहून घेतलं, तेव्हाच बाहेर आले. पुन्हा तपासणी झाली. या वेळी पडदा काढला आणि ज्याची काडी त्याच्याच नाकात गेली.

निम्मा हॉल पॉझिटिव्ह.

"तुझं नाक असतं तर वाचलो असतो," इस्त्रीवाला कुरकुरला.

"मीही पॉझिटिव्ह आहे, बावळटा. आता माझं नाक तुझ्या उपयोगाचं नाही."

तिला ना ताप, ना कणकण. पहिल्याच रिपोर्टवर थांबलो असतो, तर ती उड्या मारत नातीकडे गेली असती.

तिने फोन लावला. जावई चक्रावला. "आई, पण रिपोर्ट तर चांगला होता ना?"

"चांगलाच होता जावईबापू. फक्त सगळ्यांचा मिळून माझाच होता."

त्याला काही कळेना, त्याने फोन बायकोकडे दिला. मुलगी रडवेली झाली. "मग तू येणार कधी गं?"

पण मावशी पडली फाटक्या तोंडाची.

"तू तिला वाढवायला तर घे," ती म्हणाली, "मी आलेच."