एक बोट जास्त

कोपरेकाकांना खरं नाव होतं, पण ते आमच्या नकाशा कार्यालयाच्या हजेरीपटालाच माहीत. कुठलीही आकृती समोर आली की ते आधी पेन्सिलीच्या टोकाने तिचे कोपरे मोजत, म्हणून कोपरेकाका. तीस वर्षं त्यांनी शहराचे नकाशे हाताने काढले. मग मी आले आणि माझ्याबरोबर पायथन, म्हणजे संगणकाला आज्ञा लिहायची भाषा, आली.

पायथनच्या चित्रं काढणाऱ्या लायब्ररीला, म्हणजे तयार आज्ञांच्या संचाला, कोपरे ओळीने दिले की ती ते रेघांनी जोडते, आत रंग भरते आणि सांगितलं तर चौकटीबाहेरचं छाटून टाकते. पहिल्याच दिवशी मी एक तळं काढलं, तर मधोमध पीळ पडलेला! काका पोट धरून हसले. "अगं, तळ्याला गाठ मारलीस की! काठाकाठाने चाल, मधूनच पलीकडे उडी मारू नकोस." कोपऱ्यांचा क्रम चुकला होता. मी तो सुधारला, पण ते हसणं मनाला लागलं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि भलतीच शहाणी होते.

त्या वर्षी पुराचे नकाशे करायचे होते. शहराचे चाळीस तुकडे, प्रत्येकाचा वेगळा कागद, पाणी शिरेल तिथे निळा रंग. निळ्यातल्या घरांना नदी फुगायच्या आधी हलवायचं. काकांची पद्धत अशी की प्रत्येक कागदावर चौकटीबाहेरही बोटभर काढायचं, म्हणजे शेजारचे कागद एकमेकांवर थोडे चढतात. मला ते गबाळं वाटायचं. मी एक ओळ लिहिली आणि सगळा निळा रंग बरोबर चौकटीवर छाटला.

"एक बोट कुठे गेलं?" काकांनी विचारलं.

"काका, यंत्राला बोटं लागत नाहीत."

या वेळी अख्खं कार्यालय हसलं, त्यांना. काका ओशाळले. त्यांनी एकेक कागद भिंगाखाली धरला. प्रत्येक बरोबर होता. प्रत्येकावर 'तपासले' लिहून त्यांनी सही केली.

चूक कागदांवर नव्हतीच, दोन कागदांच्या मध्ये होती. चौकटींचे आकडे मी सोयीसाठी दशांश उडवून घेतले होते, त्यामुळे दोन चौकटींमधली एक अरुंद पट्टी कुठल्याच कागदावर आली नाही. काकांचं एक बोट असतं तर ती झाकली गेली असती. त्या पट्टीत एक गल्ली होती. नदी आली तेव्हा आजूबाजूची घरं रिकामी झालेली, आणि त्या गल्लीतले लोक निवांत जेवायला बसलेले. जीव कुणाचा गेला नाही. पण माणसं दिवसभर छपरांवर बसून होती, आणि छपरावर चढताना एका शिंप्याच्या आईचा पाय मोडला, तो पुन्हा कधी धड झाला नाही.

साहेबांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "हे तपासलं कुणी?"

काकांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, उजेडात धरून पाहिला, परत पुसला. मला वाटलं, घाबरले. छाटायची ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. तरी मी मूग गिळून टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीकडे बघत राहिले.

शेवटी काका म्हणाले, "सही माझी आहे, साहेब."

त्यांना जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली, निरोपाचे दोन शब्दही कुणी बोललं नाही. मला बढती मिळाली. लिहिताना लाज वाटते, पण मिळाली. पुढे अकरा वर्षं मी त्यांच्या घरावरून जाणारा रस्ता टाळला.

गेल्या महिन्यात मात्र राहवलं नाही. काकूंनी दार उघडलं, मला ओळखलं नाही. काकांनी आवाजावरून ओळखलं. त्यांना आता नीट दिसत नाही. मी बसलेसुद्धा नाही. "काका, ती गल्ली माझ्या ओळीमुळे गेली."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पूर ओसरल्यावर, साहेबांनी बोलवायच्या आधीच, तुझं लिहिलेलं छापून घेऊन वाचलं होतं. सगळं नाही कळलं. छाटायची ओळ कळली."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

काकांनी हाताने चाचपत खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"त्या दिवशी चष्मा काही एवढा मळला नव्हता, पोरी. तो वेळ तुझ्यासाठी होता."