सरांनी नेलेले पेढे

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला सूक्ष्म अर्थशास्त्र मी काही आवडीनं घेतलं नव्हतं. राज्यशास्त्राच्या तासाला पोरं लई दंगा करायची आणि मला दंगा सोसत नाही, आजही सोसत नाही. आमचं युसूफ वडगावात किराणा दुकान. तिथून मी रोज एसटीनं केजच्या कॉलेजला जायचे. बाजार खुला झाला, बाजार खुला झाला, असं पेपरात रोज छापून यायचं ती वर्षं. आमच्या दुकानात बाजार खुला झाला म्हणजे दाराला रुपया-रुपयाच्या शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकल्या. बाकी गूळ, पोहे, काडेपेटी पूर्वीसारखंच.

त्या एसटीत मला ती भेटली. गावाबाहेरच्या वस्तीवरून पायी यायची आणि माझ्या शेजारी जागा धरायची. तिचे आईबाप दरवर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्याला जायचे. ही मागं आजीजवळ राहून बारावीपर्यंत शिकलेली. वर्गात मुली आम्ही मोजक्याच, आणि त्यातल्या अर्ध्याजणी लग्न ठरेपर्यंत घरात बसून काय करायचं म्हणून आलेल्या. हिचं तसं नव्हतं. हिला त्या विषयाची गोडी लागली होती.

माझ्या डोक्यात काही म्हणजे काही शिरायचं नाही. घटती उपयोगिता म्हणजे काय, हे मला तिनं एसटीत समजावलं. पुस्तकात सफरचंदाचं उदाहरण होतं. ती म्हणाली, "सफरचंद कावून? आपण कवा खाल्लं? भजं घे. पयलं भजं कसं लागतं? दुसरं जरा कमी. पाचव्याला पोट म्हणतं बास कर बाई. झालं, हाच नियम." पुढं मी परीक्षेत भजीच लिहिली आणि पास झाले.

अर्थशास्त्राचे सर स्वभावानं गरीब. बीडहून येऊन-जाऊन करायचे, त्यामुळं एसटीला उशीर झाला की तास बुडायचा, पण आले की मन लावून शिकवायचे. एकदा पूरक वस्तू शिकवत होते. एका पायातला बूट घेऊन काय करणार, दुसऱ्याशिवाय पहिल्याला किंमत नाही, असं सांगून म्हणाले, उदाहरणं द्या. कुणी म्हणालं पेन आणि शाई, कुणी म्हणालं गाडी आणि पेट्रोल. ही उभी राहिली आणि म्हणाली, "सर, कोयता."

गावाकडची पोरं वळून तिच्याकडं बघायला लागली. सरांना कोयता म्हणजे काय ते ठाऊक होतं, तरी त्यांनी तिला बोलू दिलं. ऊसतोडीला माणूस एकटा मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं मोळी बांधायची. बिनलग्नाचा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि मजूर गोळा करणारा मुकादम अर्ध्या कोयत्याला लवकर हात लावत नाही. म्हणून हंगाम तोंडावर आला की वस्तीवर घाईघाईनं लग्नं लागतात. एवढं तिनं सांगितलं आणि खाली बसली. सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "बरोबर आहे." त्या दिवशी पुढं काही शिकवलं नाही.

परतीच्या एसटीत तिनं मला खरं सांगितलं. तिच्या आत्याचा मुलगा अर्धा कोयता होता. आत्या वर्षभर हिच्या बापाच्या मागं लागली होती. पण बाप पोरीवर जीव टाकायचा. त्यानं बहिणीला शब्द दिला नव्हता आणि नाहीही म्हटलं नव्हतं. "मार्चात परीक्षा होऊ दे, मंग बघू," एवढंच म्हणून तो दिवस ढकलत होता. ती म्हणाली, "मार्च निघाला की मी सुटले. हंगाम सरला की त्याला बायकोची घाई ऱ्हात न्हाई. पुढं आणिक एक वर्ष मिळतंय." तिचा सगळा हिशेब असा मार्चवर येऊन उभा होता.

चाचणी परीक्षेत ती वर्गात पहिली आली. ही गोष्ट सरांच्या डोक्यात बसली. ही पोरगी प्राध्यापक होईल, हिच्या वडलांना मी स्वतः भेटून सांगतो, असं त्यांनी मनावर घेतलं. मला घर माहीत होतं, पण परक्या माणसाबरोबर एकटी पोरगी कशी पाठवायची, म्हणून माझे वडीलही निघाले. वडलांनी धुतलेलं धोतर आणि नवी टोपी घातली. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आणि पहिल्या नंबराचं तोंड गोड करायला म्हणून वाटेत पाव किलो पेढे घेतले.

आता सांगा, दसरा झालेला. वयात आलेल्या पोरीच्या दारात दोन मोठी माणसं कडक कपड्यात उभी, एकाच्या हातात पेढ्यांचा पुडा, सोबत एक पोरगी. वस्तीवरच्या माणसानं काय समजायचं? आम्हा तिघांत एकाच्याही ध्यानात आलं नाही.

बापानं धावत येऊन पायावर पाणी दिलं. शेजारून सतरंजी आली. कढई चढली. बघता बघता ओट्यावर वस्ती जमली. मी आत जायला उठले तर तिच्या काकूनं मला बसवलं, "बसा बाई, पोरगी येतीया भाईर." आणि ती खरंच बाहेर आली. आईची पेटीतली साडी नेसलेली, डोक्यावर पदर, हातात पोह्यांच्या बशा. आपल्याच सरांपुढं तिनं बशी ठेवली. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, आणि तिथं तोंड उघडायची सोय नव्हती.

बाप हात जोडून म्हणाला, "आमी गरीब माणसं हाओत. पोरगा काय करतो म्हणायचा?"

सर म्हणाले, "कोण पोरगा?"

माझ्या वडलांना सगळ्यात आधी उमजलं. त्यांनी घसा साफ केला आणि हे कॉलेजातले सर आहेत, पोरगी हुशार आहे एवढं सांगायला आलेत, असं सांगितलं. सर मग घाईघाईनं बोलत सुटले, पहिला नंबर, बुद्धी, भवितव्य. ओट्यावरून कुणीतरी फिसकन हसलं. बापाचा चेहरा मी विसरले नाही. रागावला नाही तो. पुड्याकडं बघून हळू आवाजात म्हणाला, "मंग गुर्जी, पेढे कावून आणले?"

सरांनी पुडा उचलला आणि परत खाली ठेवला. काय सांगणार बिचारे.

पुढं जे व्हायचं ते झालं. वस्तीनं बोलायला काय लागतं? पोरगी दाखवली, पोहे खाल्ले आणि स्थळ परत गेलं, अशी बोंब झाली. खरं काय ते बाप सांगत राहिला, पण ऐकून घेतं कोण? आत्याला उलटी धास्ती बसली, की शिकलेली स्थळं यायला लागली, आता पोरगी हातची जाणार. दुसऱ्या दिवशीच ती खण-नारळ घेऊन आली आणि उंबऱ्यात बसून राहिली. नाव ठेवलेल्या पोरीला बहीणच पदरात घ्यायला आली म्हटल्यावर बाप किती ताठ राहणार? तुळशीचं लग्न लागायच्या आधी हिचं लागलं. मी गेलते. अक्षता टाकताना मला रडू आवरेना, आणि ती मात्र कोरड्या डोळ्यांनी उभी होती. चौथ्या दिवशी ट्रक आला आणि ती कारखान्याला गेली.

सर त्यानंतर वर्ष संपेपर्यंत शिकवत राहिले, पण वर्गात कुणाला उदाहरण विचारायचे नाहीत. मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची. चांगलं करायला गेलेल्या माणसावर धड रागावताही येत नाही.

परीक्षा झाली. उन्हाळा लागला. हंगाम उरकून माणसं गावाकडं आली आणि आठवडी बाजारात मला ती दिसली. आत्या कांद्याचा भाव करत होती, ही मागं पिशवी धरून उभी. हातांवर उसाच्या पानांचे ओरखडे. मला वाटलं ही आता रडेल, काहीतरी बोलेल. तिनं जवळ येऊन विचारलं, "पेपरला काय आलतं?"

मी सांगायला लागले. मागणीचा नियम आलता. तिनं तो तिथल्या तिथं सांगितला, अपवादांसकट. लवचिकता आलती. तीही सांगितली, एका दमात, आत्याच्या पाठीकडं लक्ष ठेवून. घटती उपयोगिता म्हणताच हसली. माझ्यापेक्षा किती तरी नीट येत होतं तिला. सांगता सांगता तिच्या तोंडावर रंग चढत गेला.

"आन् शेवटचा?"

"मक्तेदारीत किंमत कशी ठरते."

ती थांबली.

"ह्ये कवा शिकवलं?"

"दिवाळीनंतर," मी म्हणाले.

लग्नात जे पाणी डोळ्यांत आलं नव्हतं ते तिथं, कांद्याच्या ढिगाजवळ आलं. मी म्हणाले, सोपं आहे गं, सांगते की आत्ता. तिनं नको म्हणून मान हलवली. आत्यानं हाक मारली होती.

"मला वाटलं व्हतं," ती म्हणाली, "मला समदं येतंय."