माझ्या लेकीच्या शीचे पेढे

मैत्रिणींनो, आज दुपारी पनवेलच्या हॉस्पिटलात माझ्या सासूबाईंनी पेढे वाटले. कारण ऐकून हसू नका.

माझी लेक दोन महिने आधी जन्मली. आतड्याला सूज येऊन शीतून रक्त पडू लागलं, म्हणून तिचं दूध बंद केलं. "ऑपरेशनची तयारी ठेवा," असंही डॉक्टर म्हणाले. तरी मी रडत रडत दर तीन तासांनी दूध काढून फ्रीजमध्ये ठेवत होते.

डॉक्टरांनी समजावलं, "आईच्या दुधात एक्सोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पुड्या असतात. त्या आतडं सावरायला मदत करतात असं दिसतंय. त्यांच्यापासून आणि स्टेम सेल, म्हणजे शरीरातल्या मूळ पेशींपासून, औषध बनवायचं संशोधन चालू आहे."

उरणला मासळी विकणाऱ्या माझ्या सासूबाई ताडकन म्हणाल्या, "म्हंजे औषध माज्या सुनेकडंच हाय, नि तुमी अजून शोधताय?"

तीन दिवसांपूर्वी नळीतून माझंच एक मिली दूध सुरू केलं. ऑपरेशन टळलं! आज लेकीनं शी केली. छान पिवळी, रक्ताचा टिपूसही नाही! नर्सनं डायपर ट्रॉफीसारखा उंच धरला.

गेटवरच्या वॉचमननं पेढा घेत विचारलं, "मावशी, नातू झाला वाटतं?"

"नात हाय माजी! आज शी केली तिनं!"

आता तुम्हीच सांगा, पेढे वाटायला याहून मोठं कारण लागतं का?