अल खोरमधला इन्स्पेक्टर

दोहा विमानतळावरून अल खोरला जाताना माझा भाऊ इरफान गाडी चालवता चालवता तीनदा म्हणाला, "आपा, गुरुवारी इन्स्पेक्टर येतोय." दहा वर्षं दुसऱ्याच्या कॅफेटेरियात राबून त्याने आता स्वतःचा घेतला होता. बलदियाने (इथली नगरपालिका) पास केलं तरच शटर उघडणार.

"घाबरतोस काय? मी नगरपंचायतीत क्लार्क आहे," मी म्हटलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. कागद-नियम मला काय नवे?

अल खोर उत्तरेकडचं, समुद्रकाठचं लहान शहर. बंदरात लाकडी होड्या, संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरणारी दमलेली माणसं. रस्त्यावर कागदाचा कपटा दिसेना. इथेही निवडून दिलेला सदस्य असतो, पण तो सूचना करतो. कारभार सरकारी अधिकारी बघतात. नगरसेवकाला फोन लावायची सोय नाही, हे ऐकल्यापासून मला चैन पडेना.

गुरुवारी पहाटेपासून मी कॅफेटेरियाची फरशी पुसत होते. इन्स्पेक्टर आला, तरुण, हातात टॅब. मी चहा आणि नारळाच्या वड्या पुढे केल्या.

"शुक्रन, ड्युटीवर नको," तो मोडक्या हिंदीत म्हणाला आणि त्याने थेट फ्रीज उघडला. आत मी रायगडहून आणलेली सुकट होती, आम्रखंडाच्या रिकाम्या डब्यात. फ्रीजमध्ये जागा दिसली, ठेवली.

"वर आंब्याचं चित्र, आत मासे. तारीख कुठे?"

"माझी आहे. घरची, स्वच्छ."

"मॅडम, घरची घरात ठेवा." त्याने टॅबवर काहीतरी लिहिलं. "सोमवारी परत बघतो, इन्शाल्ला."

माझं विमान शनिवारी होतं.

"आपा, तुझ्या ऑफिसात कुणी असं केलं तर?"

"नोटीस काढते."

तो हसला नाही. शनिवारी त्याने मला विमानतळावर सोडलं.

सोमवारी मी कामावर होते, पण नजर फोनवर. समोर वडापावच्या गाडीचा परवाना मागायला आलेली बाई कधीची उभी होती. दुपारी मेसेज आला: "पास! यल्ला, सामान भरायला निघालो."

मी खुर्चीतून उठलेच.

"काय झालं मॅडम?"

"भावाला परवानगी मिळाली. कतारला."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "माझी कधी?"

तिचा अर्ज तीन आठवडे माझ्याच ट्रेमध्ये पडून होता.