दार धाकटीच उघडते

अमेरिकेत कागदपत्रांविना राहणाऱ्या कुटुंबांना आमचं मंडळ वकील मिळवून देतं. तेच सांगायला मानसीकडे गेले आणि सवयीनं बेल दाबतच राहिले. आतला टीव्ही गप्प झाला. दार तिच्या धाकट्या बहिणीनं, चिमीनं उघडलं. इथे जन्मलेली, म्हणून इथली नागरिक असलेली ती एकटीच, म्हणून दार तिनंच उघडायचं, असा त्या घरचा नियम.

"आजी आहे गं!" ती ओरडली, तेव्हा मानसी आणि आईबाबा बाथरूममधून बाहेर आले.

"आजी, आधी फोन करा ना," मानसी घाम पुसत म्हणाली.

तरुणपणी मी मिरवायचे, "आम्ही नियमानं आलो हो!" कसलं काय! नवऱ्याच्या व्हिसावर, सामानातल्या लोणच्याच्या बरणीसारखी आले होते.

आता बेल न दाबता रस्त्यावरूनच हाका मारते, म्हणजे मीच आलेय हे त्यांना कळतं. मानसी दटावते, "आजी, हळू!"

मी कितीही ओरडले तरी मला पकडून न्यायला कुणी येणार नाही. त्याचीच लाज वाटते.