मरीना म्हणजे दर्याची

आखातात युद्ध पेटलं तेव्हा आम्ही यान्बूला होतो आणि मुलगी नऊ दिवसांची होती. नवरा रिफायनरीत फोरमन. बायकामुलांना गावी पाठवायचं ठरलं. त्यासाठी मुलीला माझ्या पासपोर्टवर चढवायला हवं, आणि चढवायला नाव हवं. नावाचाच पत्ता नव्हता. ते ठेवणार होत्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. आत्याचा हक्क! त्यांनी ते बारशापर्यंत गुपित ठेवलं होतं, आणि कोकणातल्या त्यांच्या गावात फोन नव्हता.

"ताईशिवाय नाव नाही," नवरा म्हणाला. आई गेल्यावर त्याला तिनेच वाढवलं होतं.

"मग पासपोर्टवर काय, 'बाळ' लिहू?" मी फाडकन बोलले. खिडक्यांना चिकटपट्ट्या मारलेल्या, आणि हा माणूस बहिणीच्या रुसव्याला भितो! खरं सांगायचं तर मीही भीत होते.

शेवटी मी शेजारचं दार वाजवलं. तिथे गोव्याची नर्स राहायची. माझं बाळंतपण तिनेच केलं होतं. नवऱ्याला ती दादा म्हणायची, तेवढं मला पुरेसं होतं. म्हटलं, "तू आत्या हो. नावही तूच ठरव."

बाराव्या दिवशी चादरीचा पाळणा बांधला, चण्याच्या घुगऱ्या केल्या. ती बाळाच्या कानाशी वाकली, कुर्र केलं, आणि मागून शेजारणींनी तिच्या पाठीत गुद्दे घातले. आत्याला गुद्दे मिळतात हे तिला सांगायचंच मी विसरले होते! ती किंचाळली, बाळ रडलं, सगळ्या हसत सुटल्या. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी हसलं.

"काय ठेवलंस?"

"मरीना." तिचं स्वतःचंच! "लॅटिन नांव हें. दर्याची, असो ताचो अर्थ. बापूय बोटीर आसलो. तो सुखरूप घरा येवंक जाय म्हणून आवयन म्हाका दवरिल्लें. आतां तुमी सुखरूप वचात."

बाप बोटीवरून सुखरूप परतावा म्हणून आईने ठेवलेलं, आणि आता आम्ही सुखरूप जावं म्हणून दिलेलं ते नाव मला तिथल्या तिथे आवडलं. पण वन्संना काय सांगायचं, या धास्तीने विमानात डोळ्याला डोळा लागला नाही.

घरी पोचल्यावर वन्संसाठी जेद्द्याच्या शराफिया बाजारातून आणलेली साडी त्यांच्यापुढे ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी बाळाचं दुपटं सारखं केलं.

"मी वेगळं ठरवलं होतं," त्या म्हणाल्या. काय, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. मग विचारलं, "तिला आत्याच्या मानाची साडी दिलीस?"

सामान बांधायच्या घाईत कुणाला सुचलंच नव्हतं.

वन्संनी साडी उचलून माझ्या मांडीवर ठेवली. "ही तिची. धाडून दे." मग बाळाला जवळ घेतलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

"कुर्र... मरीना."

आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "घाल गो आता गुद्दा." मी घातला, आणि त्याच पाठीवर डोकं टेकून रडले.